आजोबांची बावीस आणि लेकीची बावीस

फोंड्याहून तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. लेक सोळा वर्षांची. तीन वर्षं 10 मीटर एअर रायफल खेळतेय, आता तिला 50 मीटरला .22 वर, म्हणजे 0.22 इंची नळीच्या, खऱ्या काडतुसाच्या रायफलीवर जायचंय. मैत्रीण पिस्तूल खेळते म्हणून मधेच पिस्तुलाचाही हट्ट. वाळपईच्या घरी कपाटात आजोबांची एक जुनी ‘बावीस’ पडून आहे. आणि शेवटी तुमचा प्रश्न: सर्वांत चांगली .22 रायफल कोणती, पिस्तूल कोणतं, तुम्हाला स्वतःला कोणतं आवडतं आणि का?

यूट्यूबवर अशा याद्या पुष्कळ सापडतील. त्यातल्या निम्म्या अमेरिकन आहेत. रुगर 10/22 ही 1964 पासूनची, दहा गोळ्यांच्या गोल मॅगझिनची सेमी-ऑटो रायफल जवळपास प्रत्येक यादीत असतेच. हत्यार उत्तमच. पण तिकडे डबे उडवायला आणि ससे मारायला घेतात ते, आणि इथे रेंजवर उभ्या राहणाऱ्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा त्या याद्या बाजूला ठेवूया.

एनसीसीच्या .22 डिलक्सवर माझी सुरुवात झाली. 25 यार्डांवर पाच गोळ्या मारायच्या आणि उस्ताद टार्गेटच्या कार्डावर रुपयाचं नाणं ठेवून बघायचे, पाच भोकांचा ग्रुप झाकला जातो का. माझा कधीच झाकला जात नसे आणि मी रायफलीला दोष द्यायचो. उस्तादांनी एकदा माझ्याच हातातली रायफल घेतली, आडवे झाले, पाच मारल्या. नाण्याच्या बाहेर काही दिसेना. काही न बोलता रायफल परत दिली. तेव्हापासून मला चांगली .22 म्हणजे काय हे कळलं असं म्हणणार नाही, ते कळायला पुढं पंधरा वर्षं गेली. पण प्रश्न तिथं सुरू झाला: चुकलेली गोळी माझी की बंदुकीची? ज्या हत्याराबाबत याचं उत्तर चटकन आणि खात्रीनं देता येतं, ते माझ्या लेखी चांगलं. स्वतःची चूक ते माझ्या चुकीत मिसळत नाही.

.22 मध्ये ही मिसळ का होते ते समजून घ्या, मग निवड निम्मी सोपी होईल. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध वेगळी टोपी असते. रिमफायरला, म्हणजे .22 सारख्या काडतुसाला, तशी टोपी नाही. बुडाची जी बाहेर आलेली कड आहे, तिच्या पोकळ घडीत आतून स्फोटक मसाला फिरवून बसवतात. पिन कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो. चेपायची म्हणजे कड पातळच हवी, त्यामुळे दाब कमी ठेवावा लागतो. मसाला कडेभर अगदी सारखा पसरणंही कठीण, त्यामुळे एकाच डब्यातल्या दोन काडतुसांत वेगाचा फरक पडतो. आणि झाडलेलं काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, म्हणजे कारखान्यानं जे दिलं ते मुकाट घ्यायचं. .22 लाँग रायफल हे काडतूस 1887 सालचं. गोळी 2.6 ग्रॅमची, शिशाची, वरून मेणासारखं वंगण. मॅचच्या गोळीचा वेग सेकंदाला साधारण 330 मीटर, म्हणजे मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या आत ठेवलेला. आपल्याकडे बत्तीस अंश उकाडा असतो तेव्हा आवाजाचा वेग 350 च्या आसपास जातो, म्हणजे आपली गोळी आणखीच निवांत.

ही संथ गोळी साठ-पासष्ट सेंटिमीटरच्या नळीत अडीच-तीन मिलिसेकंद असते. मोठ्या रायफलीच्या जवळजवळ दुप्पट. तेवढ्या वेळात खांदा ढिला झाला, डोळा कार्डाकडे उचलला गेला, की गोळी तुमच्यासोबत हलते. फॉलो थ्रू म्हणून कोच ओरडत असतात ते यासाठी. तुमच्या लेकीची मात्र इथं एक जमेची बाजू आहे. एअर रायफलचा छर्रा याहूनही हळू चालतो, त्यामुळे गोळी सुटल्यावर तसंच थांबून राहायची सवय तिला आधीच लागलेली असणार. एनसीसीतून थेट .22 वर आलेल्या पोरांना ती लावायला मला वर्ष जातं.

तिला नवं शिकावं लागेल ते वाऱ्याचं. एअर रायफलचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, 50 मीटर रायफलचा दहा 10.4 मिलिमीटरचा. कागदावर वाटतं, सोपंच झालं. पण ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा .22 ची गोळी 50 मीटरमध्ये दोनेक सेंटिमीटर सरकवतो. दहात मारलेली गोळी आठात जाते आणि त्यात रायफलीचा दोष शून्य. आपल्याकडे सकाळी वारा पडलेला असतो, अकरा वाजून गेले की खारा वारा सुरू होतो. मुलं सकाळी झिरो करतात, म्हणजे नेमाची साईट जुळवून घेतात, आणि बारा वाजता रायफल बिघडली म्हणून माझ्याकडे येतात.

आता रायफली.

स्पर्धेसाठी माझी पसंती कित्येक वर्षं एकच आहे, ती म्हणजे आन्शुट्झची 54 अ‍ॅक्शन. अ‍ॅक्शन म्हणजे रायफलीचा मधला, काडतूस भरून झाडणारा यांत्रिक भाग. कंपनी जर्मनीची, उल्म गावची, 1856 पासूनची. 1907, 1913 ही मॉडेलं ऐकली असतील, त्यांचं काळीज ही 54. भरभक्कम जाड रिसीव्हर, म्हणजे अ‍ॅक्शनचं पोलादी घर. ट्रिगर सुटल्यापासून पिन कडेवर आपटेपर्यंतचा वेळ अतिशय कमी. चेंबर इतकं घट्ट की काडतूस आत ढकलताना शेवटी गोळीचं नाक नळीच्या आट्यांत रुतल्याचं बोटाला जाणवतं, म्हणजे प्रत्येक गोळी एकाच जागेवरून निघते. याची एक अडचणही आहे. न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी कधी नळीतच राहते आणि काडतुसातली दारू अ‍ॅक्शनमध्ये सांडते. पहिल्यांदा झालं की मुलं घाबरतात. बोल्ट उघडा ठेवायचा, तोंड टार्गेटकडेच, आणि कोचला हाक मारायची.

54 चा ट्रिगर हे मात्र प्रेमाचं प्रकरण आहे. दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा ओढला की भिंत लागते, आणि भिंतीनंतर काही सरकल्याचं कळतच नाही, गोळी गेलेली असते. ग्रॅमांत मोजायचा तो ट्रिगर. जुनी 54 वीस-तीस वर्षं वापरलेली असली तरी ही भिंत तशीच लागते. नळीही झिजत नाही, कारण गोळी शिशाची आणि दाब कमी. .22 ची नळी मरते ती गोळ्यांनी नाही; गंजानं, नाहीतर तोंडाकडून घातलेल्या वाकड्या क्लीनिंग रॉडनं. म्हणून सेकंडहँड घ्यायची तर किती गोळ्या मारल्यात हे विचारण्याआधी टॉर्च घेऊन नळीचं तोंड बघा.

वाल्थरची केके मालिका आणि फाइनवेर्कबाऊच्या रायफलीही याच तोडीच्या. या तिघींत कोण श्रेष्ठ यावर मी वाद घालत नाही, कारण त्यांच्यातला फरक तुमच्या लेकीच्या गुणांत निदान पहिली चार वर्षं दिसणार नाही. दिसेल तो मापाचा फरक. माझ्याकडे तिच्याच वयाची एक मुलगी होती, तिला एका उंच मुलाची 1913 मिळाली. फुकटात मिळाली म्हणून घरचे खूश. खांद्याला टेकायचा बट कमी करून करून संपला तरी तिला लांबच पडायचा, मान पुढं ताणून नेम धरायची. नीलिंगला, म्हणजे गुडघ्यावर बसून मारताना, तर हालच. सहा महिने गुण हलेनात. शेवटी क्लबची जुनी आन्शुट्झ 1903 दिली. ही 64 अ‍ॅक्शनची, हलकी, तुलनेनं साधी. महिनाभरात तिचे गुण वर गेले. रायफल वरच्या दर्जाची होती असं नाही, गालाला लागत होती एवढंच. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या लेकीच्या मानेत आणि हाताच्या लांबीत आहे, आणि ते मला इथून दिसत नाही.

हौसेसाठी विचाराल तर माझी सगळ्यांत लाडकी वेगळीच आहे. ब्रनो मॉडेल 2. झेकोस्लोव्हाकियाची, पाच गोळ्यांचं मॅगझिन, साधा बोल्ट, मागची साईट 25 पासून 200 मीटरपर्यंत सरकवायची. हिचीच वंशावळ पुढं सीझेड 452, 455, 457 अशी आली. ही स्पर्धेची रायफल नाही. पण लाकूड-पोलाद असं जुळवलंय की हातात घेतली की खाली ठेववत नाही. माझी मी घेतली तेव्हाच जुनी होती. 50 मीटरला तिला आवडणारी गोळी दिली तर पाचही गोळ्या त्या जुन्या रुपयाखाली. नाही आवडली तर बशीखाली.

‘आवडणारी’ गोळी म्हटलं ते लाडानं नाही. .22 मध्ये रायफल आणि काडतूस यांची पत्रिका जुळावी लागते. इली, लापुआ, एसके, आरडब्ल्यूएस ही परदेशी नावं तुम्ही ऐकाल, आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची काडतुसंही सरावाला चालतात. पण नावापेक्षा डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा आकडा, महत्त्वाचा. एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन डबे, लॉट वेगळे. माझ्या एका रायफलीत एका लॉटचा ग्रुप पंधरा मिलिमीटर, दुसऱ्याचा अठ्ठावीस. मी मूर्खासारखा दोन आठवडे साईट आणि रायफल लाकडात बसवणारे बेडिंगचे स्क्रू पिळत बसलो होतो. मोठे खेळाडू परदेशात कंपनीच्या टेस्ट रेंजवर जाऊन रायफल शिकंज्यात धरून लॉट निवडतात. आपण टेबल घ्यायचं, वाळूच्या पिशव्या घ्यायच्या, वारा नसलेली सकाळ घ्यायची आणि प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे दोन-तीन ग्रुप काढायचे. जो जुळला तो परवडेल तितका एकदम घ्यायचा. महागडी रायफल आणि हाताला लागतील ती काडतुसं यापेक्षा साधी रायफल आणि जुळलेला लॉट, हे मी कधीही घेईन. आणि मे महिन्यात काडतुसं गाडीच्या डिकीत विसरू नका. वरचं वंगण मऊ होऊन डब्याला चिकटतं, मग तोच लॉट तुमच्याशी वेगळं वागतो.

पिस्तुलाचं थोडं वेगळं आहे. तिथं मशीनची अचूकता हा प्रश्नच नसतो, कारण 25 मीटरला प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या, टार्गेटवर दहाचा गोल 50 मिलिमीटरचा असतो आणि कुठलंही बरं पिस्तूल त्याच्या आत सहज मारतं. प्रश्न असतो मूठ आणि ट्रिगर. मुलींच्या 25 मीटर पिस्तूलमध्ये तीस गोळ्या प्रिसिजनच्या आणि तीस रॅपिडच्या. रॅपिडमध्ये तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी मारायची, सात सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. ट्रिगर निदान एक किलोचा हवा, स्पर्धेआधी वजन टांगून तपासतात. एक किलो हलका नाही हो! तो सरळ मागे येतो की बोटाबरोबर पिस्तूल डावीकडे ओढतो, यावर सगळं.

मला हॅमर्ली 208 आवडतं. स्विस, लेन्झबुर्गचं, घड्याळासारखं बनवलेलं. मॅगझिन मुठीत, तोल मुठीच्या जरा पुढे, आणि ट्रिगर असा की बाकी सगळ्यांचे ट्रिगर मी त्याच्याशी ताडून बघतो. पण ते आता बनत नाही, सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणून विद्यार्थ्यांना मी ते घ्या असं कधी सांगत नाही. त्यांना पार्दिनी एसपी नाहीतर मोरिनी. पार्दिनीचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे आणि नळी हाताच्या अगदी जवळ, खाली. .22 चा धक्का तो केवढा, पण नळी खाली असली की तो मनगट वर उचलत नाही, सरळ मागे येतो, आणि तीन सेकंदांच्या खेळात साईट जागेवरच दिसते. वाल्थर जीएसपीनं हीच मांडणी साठच्या दशकात आणली होती. ते काहीसं ओबडधोबड दिसतं, चालतं मात्र बैलासारखं.

रशियन टोझ-35 चं नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. 50 मीटर फ्री पिस्तूल, एका वेळी एकच गोळी, आणि ट्रिगर असा की नुसत्या विचारानं सुटतो. तो प्रकार 2016 च्या रिओनंतर ऑलिम्पिकमधून गेला. तेव्हापासून ही पिस्तुलं कपाटांत झोपलीत. वाईट वाटतं.

लेकीसाठी रायफल की पिस्तूल, यात माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष दोन्ही एकदम नको. रायफलीला जॅकेटनं, पट्ट्यानं, हाडांवर अंग टेकवून स्थिर राहायचं. पिस्तुलाला एका मोकळ्या हातानं. शरीराला दोन उलट धडे एकाच वेळी दिले तर एकही नीट बसत नाही. तीन वर्षं एअर रायफल झाली आहे तर रायफलीवरच राहू दे. घाटापलीकडचं कोल्हापूर बघा. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनची, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारातली, विश्वविजेती झाली ती .22 वर. स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) कांस्य आणलं तेही .22 वर. आणि पिस्तुलाचा हट्ट राहिलाच तर 2018 च्या एशियाडमधलं राही सरनोबतचं 25 मीटरचं सुवर्णही कोल्हापूरचंच. म्हणजे दोन्ही वाटा आपल्या दारावरून जातात. एका वेळी एक धरायची.

आता आजोबांची बावीस. हिच्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो: नीट तपासल्याशिवाय त्यात काडतूस घालू नका. गोव्यात 1961 पूर्वीच्या घरांतून ज्या जुन्या छोट्या बंदुका निघतात, त्यांतल्या काही बेल्जियन फ्लोबेर असतात. नळीवर लंबगोलात ‘ईएलजी’ अशी रोमन अक्षरं दिसली तर ती लिएजची मुद्रा. फ्लोबेरचं काडतूस 6 मिलिमीटरचं, त्यात दारू जवळजवळ नसतेच, आणि मागचं झाकणही तेवढ्याच ताकदीचं. आजची .22 लाँग रायफल अशा काही बंदुकांत सहज आत जाते. जाते म्हणून झाडायची नसते; मागचं झाकण तोंडावर येऊ शकतं. नळीवर सिंहाची छोटी मुद्रा आणि वर्षाचे दोन आकडे दिसले तर मात्र ती झेक असण्याची शक्यता आहे आणि कदाचित तुमच्या कपाटात माझीच लाडकी ब्रनो झोपली असेल. दोन्हींत ती आधी बंदुका तपासून दुरुस्त करणाऱ्या जाणत्या आर्मररला दाखवायची. जुनी काडतुसं क्षारयुक्त मसाल्याची असत, नळीत मीठ सोडून जात. त्या काळच्या नळ्या आतून देवी आल्यासारख्या दिसतात. आणि रिकामा ट्रिगर ओढून बघायची खोड आवरा. जुन्या रिमफायरमध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिला खाच पाडते.

कायद्याचं थोडक्यात. आजोबा गेले की परवाना आपोआप तुमच्याकडे येत नाही. वारसानं आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, आणि परवाना होईपर्यंत हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा. साध्या माणसाला 2019 पासून दोनच हत्यारं ठेवता येतात. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाच्या सरावाच्या .22 ला ती मर्यादा लागू नाही. क्लबची रायफल क्लबच्या रेंजवर वापरायला लेकीला स्वतःचा परवाना लागत नाही, आणि 21 वर्षांखालच्या खेळाडूंसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे. क्लबच्या सचिवांना विचारा, ते रोज हेच करतात. परदेशी रायफल आयात करणं नावाजलेल्या खेळाडूंच्या आवाक्यातलं. बाकीचे त्यांच्याकडून सेकंडहँड घेतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

बागायतीत माकडं आणि रानडुकरं येतात, त्यांच्यासाठी बावीस बरी, असं कुणी सुचवलं असेल तर ते डोक्यातून काढा. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं तर आहेच. शिवाय ही चिमुकली गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि चिऱ्याच्या गडग्यावर नाहीतर पाण्यावर आपटली की कुठं वळेल सांगता येत नाही. आपली घरं माडांत विखुरलेली. पलीकडे कोण उभं आहे दिसत नाही.

देखभालीचं शेवटी सांगतो, कारण गोव्यात यावरच सगळं अडतं. पावसाळ्यात रायफल चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात ठेवायची नाही, कव्हर ओल धरतं. एकदा निवडणुकीच्या वेळी जमा केलेली माझी ब्रनो कव्हरासकट परत आली, तेव्हा बोल्टवर बुरशी आणि नळीवर तांबूस ठिपके. चूक माझी, कव्हर मी दिलं होतं. उघडी, तेलाचा हात फिरवलेली, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कपाटात ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी पुसा. आतून नळी घासत बसू नका; .22 ला थोडं वंगण आत बसलेलं लागतं, लख्ख नळी पहिल्या दहा गोळ्या इकडंतिकडं मारते. आणि दसऱ्याला पूजा जरूर करा, पण गंध-कुंकू ओलं असतं. आमच्या घरी झेंडूचं फूल रायफलीखाली रुमालावर ठेवतात आणि कुंकू रुमालालाच लावतात. आईला हे पटवायला मला तीन दसरे लागले.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. चवथ होऊन पाऊस ओसरला की एका सकाळी, नऊच्या आत, लेकीला घेऊन रेंजवर या. तिचं एअर रायफलचं जॅकेट, बूट आणि जुनी स्कोअरची वही आणा. क्लबच्या 1903 वर आणि एका 54 वर, एकाच लॉटच्या गोळ्यांनी, झोपून तीस-तीस गोळ्या मारू. कोणत्या रायफलीवर तिची मान सैल राहते ते तुम्हालाही दिसेल. पैशाचं त्यानंतर बोलू. आजोबांची बावीस मात्र सोबत आणू नका. परवाना मार्गी लागेपर्यंत ती गाडीत घालणंही गुन्हा आहे. नळीवरच्या मुद्रेचा फोटो चालेल.